स्पीकर मोजायचाय? आधी माइक नीट निवडा

घरी स्पीकर बांधणारे आणि घरच्या संगीतव्यवस्थेवर जीव टाकणारे हौशी लोक पूर्वी केवळ कानावर विसंबत. आता काही हजार रुपयांत मोजणीची साधने मिळतात. पण चुकीचे साधन घेतले, तर पैसे तर जातातच, शिवाय चांगला स्पीकरही बिघडतो. ही निवड कशी करावी?

स्पीकरचे खोके सुताराकडून करून घेतले, वूफर आणि ट्वीटर आणून बसवले, तारा जोडल्या आणि आवडीची ध्वनिफीत लावली. पहिल्या दिवशी आवाज झकास वाटतो. आठवड्याने शंका येते. गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा का वाटतो? तबल्याचा डग्गा घुमतो, पण चाट ऐकू येत नाही, असे का? मग कोणी म्हणतो कपॅसिटर बदला, कोणी म्हणतो खोक्यात कापूस भरा, कोणी थेट ट्वीटरच बदलायला सांगतो. प्रत्येक सल्ल्यामागे हजार-पाचशे रुपये जातात आणि नेमका दोष कुठे आहे, ते शेवटपर्यंत कळत नाही.

यात कानाचा दोष नाही. कान फार लवकर सरावतो. दोन-चार दिवस एकच स्पीकर ऐकला की त्याचा दोषही अंगवळणी पडतो. त्यात ज्याने महिनाभर घाम गाळून खोके बनवले, त्याला आपले लेकरू देखणेच दिसणार. म्हणूनच तटस्थ साक्षीदार लागतो. मोजणीचा मायक्रोफोन हा तसा साक्षीदार आहे. मात्र साक्षीदारच खोटा निघाला, तर निकाल उलटा लागतो. चुकीच्या माइकने काढलेल्या आलेखावर विसंबून अनेक जण मुळात बरा असलेला स्पीकर ‘दुरुस्त’ करायला जातात आणि बिघडवून ठेवतात.

मोजायचे ते काय?

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. या संपूर्ण पट्ट्यात स्पीकर कुठे जोरात वाजतो आणि कुठे दबतो, याचा आलेख काढणे ही मोजणीची पहिली पायरी. त्यासाठी संगणक स्पीकरमधून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा एक आवाज सोडतो. जेमतेम पाच-सहा सेकंदांत ही शिट्टी संपते. माइक ती ऐकतो, संगणक पाठवलेला आवाज आणि परत आलेला आवाज यांची तुलना करतो आणि पडद्यावर आलेख उमटतो.

ही युक्ती वापरात रुळवण्याचे मोठे श्रेय इटलीचे ध्वनिशास्त्रज्ञ अँजेलो फरिना यांच्याकडे जाते. त्यांनी २००० साली पॅरिसच्या परिषदेत मांडलेल्या पद्धतीमुळे एकाच शिट्टीतून स्पीकरचा प्रतिसाद आणि त्याने आवाजात घातलेली भेसळ अशा दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येऊ लागल्या. आज ‘रूम ईक्यू विझार्ड’ हा जॉन मल्काही यांचा संगणकीय कार्यक्रम हेच काम करतो आणि त्याची मूळ आवृत्ती फुकट मिळते. म्हणजे खर्च उरतो तो दोनच वस्तूंचा: माइक आणि त्याला संगणकाशी जोडणारी पेटी. या पेटीला बाजारात ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात.

गाण्याचा माइक इथे का चालत नाही?

घरात कोणाचा तरी गाण्याचा माइक असतोच. शाळेच्या संमेलनासाठी किंवा भजनासाठी घेतलेला. मग नवा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पण गाण्याचा माइक मुद्दाम पक्षपाती बनवलेला असतो. जगभर गाजलेला शूअर कंपनीचा एसएम ५८ घ्या. १९६६ पासून तो रंगमंचावर आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. तो समोरचा आवाज जास्त उचलतो, मागचा टाळतो. शब्द स्पष्ट यावेत म्हणून मधल्या-वरच्या सुरांना उठाव देतो, खालचे सूर कमी करतो आणि तोंड जवळ नेले की खर्ज फुगवतो. गायकासाठी हे गुण आहेत, मोजणीसाठी हेच दोष आहेत. आलेखात दिसणारा उंचवटा स्पीकरचा की माइकचा, हे सांगता येत नाही.

मोबाइलच्या आतल्या माइकचीही तीच गत. तो बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि फोन परस्पर आवाज कमी-जास्त करत राहतो.

मोजणीचा माइक वेगळा ओळखू येतो. तो पेन्सिलीसारखा निमुळता असतो आणि टोकाशी जेमतेम सहा मिलिमीटरची चकती असते. ही बारीक अंगकाठी दिखाव्यासाठी नाही. २०,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ मिलिमीटर भरते. माइक त्या मानाने मोठा असला, तर लहरी त्याच्याच अंगावर आपटून विस्कटतात. टोक जितके लहान, तितका माइकचा स्वतःचा अडथळा कमी. शिवाय तो सर्व दिशांचे आवाज सारखेच उचलतो आणि जवळ नेल्यावर खर्ज फुगवत नाही.

ही चकती स्वस्त झाली ती ‘इलेक्ट्रेट’ तंत्रामुळे. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर या दोघांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा माइक तयार केला. पुढे टेलिफोन, टेपरेकॉर्डर, श्रवणयंत्रे अशा असंख्य वस्तूंत तो बसला आणि त्याची किंमत घसरत गेली. डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअरसारख्या कंपन्यांचे प्रयोगशाळेतले माइक आजही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. पण इलेक्ट्रेट चकतीचा साधा मोजणी-माइक घरगुती कामाला पुरेसा ठरतो.

माइकची जन्मपत्रिका

स्वस्त माइक अगदी सरळ नसतो. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन माइकांतही वरच्या पट्टीत दोन-तीन डेसिबलचा फरक सहज निघतो. ३ डेसिबल म्हणजे स्पीकरला द्यावी लागणारी शक्ती दुप्पट किंवा निम्मी, इतका हा फरक मोठा आहे. यावर उपाय म्हणजे माइकची तपासणी-फाईल. कारखान्यात प्रत्येक नग एका खात्रीच्या माइकशी ताडून पाहतात आणि कोणत्या सुराला तो किती चुकतो, याची यादी करतात. ही यादी संगणकाला दिली की तो तेवढी चूक वजा करतो. म्हणून वाकडा माइक चालेल, पण त्याचा वाकडेपणा माहीत हवा.

खरेदी करताना इथेच डोळे उघडे ठेवा. बेहरिंगरचा ईसीएम ८००० हा वाद्यांच्या दुकानांत सहज मिळणारा स्वस्त माइक आहे, पण त्याच्यासोबत त्या नगाची स्वतंत्र फाईल येत नाही. डेटन ऑडिओचा ईएमएम ६ आणि मिनीडीएसपीचा यूएमआयके १ यांच्यासाठी मात्र नगावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की त्याच नगाची फाईल मिळते. ‘या मॉडेलची सर्वसाधारण फाईल’ म्हणून कोणी दिली, तर तिचा उपयोग मर्यादित समजा. शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखेच ते!

वापरलेला माइक घेत असाल, तर क्रमांकाची चिठ्ठी शाबूत आहे का, हे आधी पाहा.

काही माइकांसोबत दोन फायली येतात. एक माइक स्पीकरकडे रोखून धरण्यासाठी आणि दुसरी छताकडे उभा धरण्यासाठी. एकटा स्पीकर तपासताना माइक त्याच्याकडे रोखा आणि पहिली फाईल वापरा. संपूर्ण खोलीतला आवाज पाहताना माइक छताकडे करून दुसरी वापरण्याची पद्धत आहे. फायलींची अदलाबदल झाली, तर वरच्या सुरांचा आलेख खोटा येतो.

यूएसबी की वेगळी पेटी?

बाजारात मोजणीचे माइक मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिल्याला यूएसबी तार असते. ती थेट संगणकात खोचायची, पेटीची गरज नाही. यूएमआयके १ आणि डेटनचा यूएमएम ६ या जातीचे. दुसऱ्याला तीन पिनांचा एक्सएलआर जोड असतो आणि त्याला चालायला पेटीतून ४८ व्होल्टचा वीजपुरवठा द्यावा लागतो. त्याला ‘फँटम पॉवर’ असे गमतीदार नाव आहे. ईसीएम ८००० आणि ईएमएम ६ या जातीचे.

नवख्याला यूएसबी माइक सोपा वाटतो आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. दिवाणखान्यात स्पीकर कुठे ठेवावा, खर्ज कुठल्या कोपऱ्यात घुमतो, सबवूफरचा आवाज किती ठेवावा, एवढेच पाहायचे असेल, तर तो उत्तम. त्याची संवेदनशीलता फाईलमध्येच नोंदलेली असते, त्यामुळे आवाजाची पातळीही बऱ्यापैकी खरी कळते.

अडचण येते ती स्वतः स्पीकर बांधणाऱ्याला. वूफर आणि ट्वीटर यांची कामे वाटून देणारी मंडळी म्हणजे क्रॉसओव्हर. समजा, ही वाटणी ३,००० हर्ट्झवर आहे. त्या सुराची लहर साधारण साडेअकरा सेंटिमीटर लांब असते. दोन्ही आवाज एकमेकांपासून अर्धी लहर, म्हणजे पावणेसहा सेंटिमीटर मागेपुढे झाले, तर ते एकमेकांना मिळण्याऐवजी मारून टाकतात. वेळेत सांगायचे, तर हा फरक सेकंदाच्या सहा हजाराव्या भागाचा आहे. म्हणून वूफरचा आवाज माइकपाशी नेमका केव्हा पोहोचला आणि ट्वीटरचा केव्हा, हे कळलेच पाहिजे.

यूएसबी माइकचे घड्याळ वेगळे आणि संगणकाच्या आवाज-निर्गमाचे घड्याळ वेगळे. दोघांतला उशीर दर मोजणीला बदलू शकतो. संगणकीय कार्यक्रमात यावर एक तोड आहे. दुसऱ्या स्पीकरमधून आधी एक खुणेचा आवाज सोडायचा आणि त्यावरून वेळ जुळवायची. त्याने काम निभते, पण दर वेळी तो दुसरा स्पीकर आणि माइक जागचे हलता कामा नयेत.

वेगळ्या पेटीत हा प्रश्न मुळातच सुटतो. आवाज आत घेणे आणि बाहेर सोडणे एकाच घड्याळावर चालते. पेटीच्या एका निर्गमातून तार काढून तिच्याच दुसऱ्या प्रवेशात खोचली की संगणकाला आवाज निघाल्याचा अचूक क्षण कळतो. अर्ध्या मीटरच्या या साध्या तारेमुळे मोजणीची विश्वासार्हता कैक पटींनी वाढते.

पेटी घेताना काय पाहावे?

दुकानदार पेटीच्या खोक्यावरचे ‘१९२ किलोहर्ट्झ’ दाखवून भुलवतो. स्पीकर मोजायला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरेसे आहेत. त्यातून २०,००० हर्ट्झच्याही वरचा आवाज टिपला जातो. साध्या पेटीचा आलेखही इतका सरळ असतो की तिची चूक माइकच्या चुकीपुढे नगण्य ठरते. म्हणून पेटीवर जादा पैसे ओतून माइकमध्ये काटकसर करणे हा उलटा व्यवहार आहे.

खरे पाहण्यासारखे मुद्दे हे:

● ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा आहे ना? काही स्वस्त पेट्यांत तो नसतो.

● प्रवेश दोन आहेत का? एक माइकसाठी, दुसरा वर सांगितलेल्या तारेसाठी. बेहरिंगरची यूएमसी २०२ एचडी आणि फोकसराइटची स्कार्लेट २आय२ यांत दोन्ही प्रवेश सारखे आहेत. ज्यांत एक प्रवेश माइकचा आणि दुसरा केवळ गिटारसाठी असतो, त्यांत तार जोडता येते, पण आवाज फार कमी ठेवून, जपून.

● ‘डायरेक्ट मॉनिटर’ बंद करता येतो का? तो चालू राहिला, तर माइकचा आवाज परत स्पीकरमध्ये जातो आणि एकतर शिट्टी वाजते, नाहीतर आलेख बिघडतो.

परत येणारी तार नेहमी मोठ्या गोल पिनेची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची वापरा. फँटम पुरवठा पुष्कळदा दोन्ही प्रवेशांना एकदमच चालू होतो, पण तो तीन पिनांच्या जोडातूनच जातो. गोल पिनेमुळे पेटीचा निर्गम सुरक्षित राहतो.

या पेटीचा आणखी एक फायदा आहे. सुमारे १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि थोड्या तारा वापरून तिनेच स्पीकरचा विद्युत-अवरोध मोजता येतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात मांडलेल्या गणितानुसार वूफरला किती लिटरचे खोके लागेल, हे याच आकड्यांवरून काढतात. जुन्या बाजारातून आणलेल्या, माहितीपत्रक हरवलेल्या वूफरसाठी ही सोय लाखमोलाची आहे.

खिशाला परवडेल ते

ज्याला फक्त खोलीतला आवाज सुधारायचा आहे, त्याने स्वतःची फाईल असलेला यूएसबी माइक घ्यावा आणि थांबावे. ज्याला वर्षाकाठी एखादी स्पीकरची जोडी बांधायची आहे, त्याने एक्सएलआर माइक आणि दोन प्रवेशांची पेटी घ्यावी. घरातल्या कोणाला गाणे किंवा सतार ध्वनिमुद्रित करायची असेल, तर हीच पेटी त्यालाही उपयोगी पडते, हे घरच्यांची संमती मिळवताना सांगायला हरकत नाही!

परदेशातून मागवताना छापील किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क चढते, याचा हिशेब आधी करा. मोठ्या शहरांतील वाद्यांच्या दुकानांत पक्की पावती आणि हमीसह मिळणारी पेटी शेवटी स्वस्त पडते. माइकसाठी आडवा दांडा असलेला स्टँड आणि चार-पाच मीटरची चांगली तार यांचे पैसेही बाजूला ठेवा. हातात धरून केलेली मोजणी दुसऱ्यांदा कधीच तशी येत नाही.

खोलीची लुडबुड

उपकरणे आली, पण पहिला आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. घाबरू नका, दोष बहुधा खोलीचा असतो. आवाज जमिनीवर, छतावर आणि भिंतींवर आपटून परत येतो आणि माइक तोही ऐकतो.

यावर तोड आहे. समजा, खोलीचे छत ३ मीटर उंच आहे. ट्वीटर आणि माइक दोन्ही जमिनीपासून दीड मीटरवर ठेवा आणि दोघांत १ मीटर अंतर ठेवा. सरळ आवाज १ मीटर चालतो, तर जमिनीवर आपटून येणारा सुमारे ३.१६ मीटर. म्हणजे प्रतिध्वनी जवळजवळ ६.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. संगणकाला तेवढ्याच वेळातला आवाज धरायला सांगितले की खोली वजा झाली! भिंती आणि कपाटे मात्र याहून दूर हवीत. या युक्तीची किंमतही आहे. इतक्या थोड्या वेळात सुमारे १६० हर्ट्झच्या खालचे काही कळत नाही आणि त्याच्या वरचे बारीक चढउतारही थोडे पुसट होतात.

खर्जासाठी दुसरा मार्ग आहे. डी. बी. कील या अमेरिकन अभियंत्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की माइक शंकूच्या अगदी जवळ नेला, तर खोलीचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. अंतर शंकूच्या त्रिज्येच्या ०.११ पटीपेक्षा कमी हवे. आठ इंची वूफरला हे अंतर १ सेंटिमीटरच्या आत येते. हा आलेख साधारण सहाशे हर्ट्झपर्यंत विश्वासार्ह असतो. दोन्ही आलेख तीनशे-चारशे हर्ट्झच्या आसपास जोडले की पूर्ण चित्र मिळते. जोडताना खोक्याच्या दर्शनी फळीचा परिणाम मिळवावा लागतो. त्याची सोय ‘व्हिट्यूइक्सकॅड’ या कार्यक्रमात आहे.

मोजणीसाठी निवांत वेळ निवडा. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकरची शिट्टी होऊन गेलेली. रस्ता वाहता असेल, तर तीच मोजणी चार वेळा करून सरासरी घ्या.

सांभाळा!

अॅम्प्लिफायरचा स्पीकरकडे जाणारा निर्गम कधीही पेटीच्या प्रवेशात थेट जोडू नका. पेटी क्षणात जळू शकते. अनेक नव्या अॅम्प्लिफायरांत स्पीकरच्या दोन्ही तारांपैकी एकही जमिनीशी जोडलेली नसते, त्यामुळे अॅम्प्लिफायरही जातो. ट्वीटरची एकट्याची मोजणी करताना शिट्टी खालच्या सुरापासून सोडू नका आणि त्याच्या वाटेत एक कपॅसिटर ठेवा. सुरुवात नेहमी कमी आवाजाने करा. लहान मुले आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत असू द्या. संगणकातले आवाज ‘खुलवणारे’ सगळे पर्याय बंद करायला विसरू नका.

या माइकने शेजारच्या मंडपातला गोंगाट मोजून तक्रार करण्याचा विचार असेल, तर तो सोडा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण ती तपासायला अधिकृत ध्वनिमापक लागतो. माइकची पातळी खात्रीने ठरवायची, तर १,००० हर्ट्झवर ९४ डेसिबलचा नेमका सूर देणारे वेगळे उपकरण त्याच्यावर बसवावे लागते. स्पीकर सुधारायला मात्र त्याची गरज नाही. कुठला सूर किती वर आणि कुठला किती खाली, एवढे कळले तरी काम होते.

शेवटी आलेख म्हणजे संगीत नव्हे. रेघ सरळ आली म्हणून मारवा आपोआप रंगत नाही. पण कपॅसिटर बदलावा की ट्वीटर, की नुसता स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढावा, हे आलेख सांगतो. पुष्कळदा उत्तर तिसरेच निघते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. ज्या हौशी माणसाचे हजार-पाचशे रुपये दर महिन्याला अंदाजापायी जात होते, त्याच्या माइकची किंमत अशी वर्षभरात वसूल होते. त्यानंतर माइक कपाटात ठेवावा, घरच्यांना बोलवावे आणि निवांत गाणे ऐकावे.